बाळाचा वरचा आहार : चमचा तिरका करून बघा



परिसर अभ्यास शिकवताना आपण फळ्यावर चौकटी आखतो. एका चौकटीत धान्यं, दुसऱ्या चौकटीत कडधान्यं, मग भाज्या, फळं, दूध, अंडी. मुलं पाठ करतात, आपण टिकमार्क करतो. मीही तेच करत आले. पण स्वतःची मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा कळलं, की फळ्यावरचं मला पाठ होतं, वाटीतलं नाही.

आपल्यापैकी बऱ्याच भगिनींना हा अनुभव असेल. प्रसूती रजा १८० दिवसांची. आणि बाळाला वरचं अन्न सुरू करायचं तेही १८० दिवसांनी. म्हणजे ज्या आठवड्यात बाळाच्या तोंडात पहिला घास जायचा, नेमक्या त्याच आठवड्यात आपण शाळेत हजर! घास भरवायचं काम घरी राहणाऱ्या माणसाकडे जातं. आमच्याकडे ते सासूबाईंकडे गेलं. आईंनी चार नातवंडं मोठी केलेली, त्यामुळे मी निर्धास्त होते.

आईंची पद्धत ठरलेली. सकाळी वरणाच्या पातेल्यातलं वरचं पाणी, दुपारी भाताची निवळ, संध्याकाळी गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून. "लहान जिवाला जड पचत नाही गं," हे त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. दोन महिने असं चाललं. आठव्या महिन्यात अंगणवाडीत वजन केलं, तेव्हा तक्त्यावरची चढती रेघ जवळजवळ आडवी झालेली. बाळ आजारी नव्हतं, दिवसातून चारदा वाटी संपवत होतं. मग असं का?

अंगणवाडी आमच्याच शाळेच्या आवारात आहे. तिथल्या ताईंनी विचारलं, "मॅडम, वाटीत काय असतं ते सांगू नका, चमचा तिरका केल्यावर काय होतं ते सांगा." मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी शिजवलेली खिचडी पळीने घोटली, चमच्यात घेतली आणि चमचा तिरका केला. खिचडी चमच्याला धरून राहिली, मग हळूच सरकली. दुसऱ्या चमच्यात वरणाचं पाणी घेतलं. ते तिरकं करायच्या आतच सांडलं. "जे चमच्यावर थांबत नाही ते पोटात काय थांबणार?" त्या म्हणाल्या. शास्त्राच्या भाषेत हे वाक्य तंतोतंत बरोबर नाही, पण आईंना समजवायला मला पुढे तेच उपयोगी पडलं.

आता यातलं गणित बघू. आपण शिक्षक आहोत, गणिताने आपलं लवकर समाधान होतं.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० उष्मांक लागतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्यातले ४०० च्या आसपास आईच्या दुधातून मिळतात. उरलेले २०० वरच्या अन्नातून यायला हवेत. नऊ ते अकरा महिन्यांत हे २०० चे ३०० होतात आणि वर्षानंतर ५५० च्या घरात जातात. आता पोट किती मोठं? वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिली धरतात. आठ किलोच्या बाळाचं पोट झालं २४० मिलीचं, म्हणजे आपली घरातली दीड वाटी. एवढ्याशा जागेत पाणी भरलं, तर बाळाचं पोट भरतं, ते मान फिरवतं, आपल्याला वाटतं जेवलं. प्रत्यक्षात डाळ पातेल्याच्या तळाशी राहिलेली असते. डाळीतली प्रथिनं, लोह, ताकद सगळं त्या तळाच्या गाळात. वर येतं ते हळद-मिठाचं पिवळं पाणी. आणि पोट पाण्याने भरलं की अंगावरचं दूधही कमी प्यायलं जातं, हा दुहेरी तोटा.

उलट घट्ट घोटलेल्या वरण-भातात एक लहान चमचा साजूक तूप घातलं तर नुसत्या त्या तुपातूनच ४० च्या आसपास उष्मांक मिळतात, म्हणजे त्या २०० मधला पाचवा हिस्सा. तूप नसेल तर घरात जे गोडं तेल असेल ते चालतं.

म्हणून वरचा आहार कसा सुरू करायचा, या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते घट्टपण. पाकीट की घरचं, तांदूळ की नाचणी, चमच्याने की हाताने, हे सगळं त्याच्यानंतर. आपल्याकडे वाद मात्र नेमके या नंतरच्या गोष्टींवर होतात.

सुरू कधी करायचं यातही एक गोंधळ आहे आणि तो आपल्या बोलण्यातून आलाय. "सहावा लागला" आणि "सहा पूर्ण झाले" यात पूर्ण एका महिन्याचा फरक आहे. सहावा लागला म्हणजे बाळाचे पाचच महिने झालेले असतात. आपल्याकडे उष्टावण मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात करायची रीत आहे. मुलीचं सातवा लागल्यावर केलं तर सहा पूर्ण होतात, एकदम बरोबर वेळ. पाचव्यात केलं तर फारच लवकर. मुलाचं सहावा लागताच केलं तर लवकर, आठव्याची वाट पाहिली तर महिनाभर उशीर. मग काय करायचं? उष्टावणाचा कार्यक्रम मामाच्या सवडीने, मुहूर्ताने कधीही करा. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट चाटवलं, फोटो काढले, आनंद आहे. रोजचं अन्न मात्र जन्मतारखेपासून १८० दिवस मोजून सुरू करा. कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

त्या सुमाराला बाळ आधाराने बसायला लागतं, मान सावरतं, आपल्या ताटाकडे झेपावतं. तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलायची जन्मजात सवयही कमी झालेली असते. पहिले काही दिवस ते तोंड वेडंवाकडं करेल, थुंकेल. याचा अर्थ त्याला आवडलं नाही असा नाही. नव्या चवीला वेळ लागतो. एकच भाजी आठ-दहा वेळा पुढे आल्यावर मग बाळ ती खायला लागतं. आपण दोन वेळा थुंकलं की "याला भोपळा आवडत नाही" असं जाहीर करून टाकतो आणि मग पोरगं चौथीत गेलं तरी पोषण आहाराच्या ताटात भोपळा बाजूला काढतं!

आता त्या वाटीत घालायचं काय?

जागतिक आरोग्य संघटना अन्नाचे आठ गट धरते: आईचं दूध, धान्य व कंदमुळं, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी व हिरव्या पालेभाज्या-फळं, आणि इतर भाज्या-फळं. दिवसभरात यातले किमान पाच व्हावेत. ऐकायला जड वाटतं, म्हणून आपल्या वाटीतच मोजू. भात एक, मूगडाळ दोन, त्यातच शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर तीन, वरून चमचाभर ताजं दही चार, आणि आईचं दूध पाच. झालं की! वेगळा स्वयंपाक नाही, विकतचं काही नाही. घरच्यांसाठी खिचडी लावताना तिखट-मीठ घालायच्या आधी बाळापुरती बाजूला काढायची आणि घोटायची. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका, पाण्यासारखी होते. पळीने किंवा रवीने घोटा, सुरुवातीला मऊ, आठ-नऊ महिन्यांनंतर थोडी कणीदार, वर्षाचं होईपर्यंत घरातलंच जेवण कुस्करून.

हे इतकं सोपं असूनही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशात शंभरात जेमतेम अकरा निघाली. गरिबी हे कारण आहेच. पण माझ्या मुलीच्या घरी गरिबी नव्हती, तिला पगारदार आई होती. तरी तीही त्या उरलेल्या एकोणनव्वदातच होती.

लोहाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वर्गात पेंगणारी, लक्ष न लागणारी मुलं आपण रोज बघतो. वेळेवर जन्मलेलं बाळ आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. म्हणजे शिदोरी संपते तेव्हा अन्नातून लोह यायलाच हवं, आणि नेमकं तेव्हा आपण देतो साबुदाण्याची पेज, तवकीर, दूध-पाणी. साबुदाणा आणि तवकीर म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात लोह नावापुरतं. गाईच्या दुधातही लोह अगदी कमी. वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून दिलं तर काही बाळांच्या आतड्यातून नकळत थोडं थोडं रक्तही जातं. स्वयंपाकात थोडं दूध, थोडं दही ठीक. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ६८.९ टक्के आलं होतं. आपल्या पहिलीच्या वर्गात तीस मुलं असतील तर वीस धरा.

यावर उपाय म्हणजे खाणाऱ्या घरात अंडं, मासे, चिकन, कलेजी बाळाला सहा महिन्यांनंतर लगेच सुरू करावं. अंडं पूर्ण उकडून, पिवळं आणि पांढरं दोन्ही. "अंडं वर्षानंतर" हा सल्ला आता मागे पडलाय. माशाचे काटे नीट काढा. शाकाहारी घरात डाळी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, आणि सोबत लिंबाचे दोन थेंब किंवा कुस्करलेला पिकलेला पेरू (बिया काढून). 'क' जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह अंगी लागतं. आणि चहा! आपल्या गावांमध्ये आठ महिन्यांच्या बाळाला चहात बुडवलेलं बिस्किट सर्रास भरवतात. बाळ आवडीने खातं, पण चहा लोहाला आतड्यात अडवून धरतो, बिस्किटात मैदा आणि साखर. एवढं एक बंद झालं तरी पुष्कळ. शिवाय आशाताईंकडे लोहाचं औषध मोफत मिळतं, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली. बाटली आणून फ्रीजवर विसरू नका, मी विसरले होते.

नाचणीबद्दल पालक हमखास विचारतात. नाचणी चांगलीच, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण नुसत्या नाचणीच्या पिठाची एक अडचण आहे. पीठ थोडं जास्त घातलं की पेज गच्च गोळा होते, बाळाला गिळता येत नाही. मग आपण पाणी वाढवतो आणि परत तेच, पोटात पाणी. यावर आपल्या आज्यांनी काढलेली युक्ती म्हणजे मोड आणणं. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची, मंद आचेवर हलकीच भाजून दळायची. मोड येताना दाण्यात एक विकर तयार होतं, ते पिठूळ पदार्थाचे तुकडे करतं. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, हा प्रयोग आपण वर्गात करतो ना? लाळेतलं विकर करतं तेच काम इथे होतं. करूनच बघा: साध्या पिठाची घट्ट पेज शिजवा, जरा निवू द्या, त्यात मोडाचं एक चमचा पीठ ढवळा. काही मिनिटांत पेज सैल पडते. पाणी न घालता! नंतर पुन्हा एक उकळी काढायची. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला गिळायलाही सोपं जातं. इथे चमच्याची परीक्षा थोडी सैल धरावी, कारण ही पेज पाण्याने पातळ झालेली नसते. पीठ खरपूस भाजू नका, ते विकर उष्णतेने मरतं. आणि गूळ घालायचा मोह टाळा. गूळसुद्धा शेवटी साखरच. वर्षापर्यंत वेगळं मीठ नाही, दोन वर्षांपर्यंत वेगळी साखर नाही.

मधाचं मात्र सक्तीने सांगते. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटी उगाळतानाही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण लहान बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो.

शेंगदाण्याची गोष्ट उलटी आहे. ॲलर्जीच्या भीतीने तो तीन वर्षांपर्यंत देऊ नका असं पाश्चात्त्य देशांत सांगितलं जायचं. मग लक्षात आलं, की इस्रायलमधल्या मुलांना लहानपणापासून शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ मिळतो आणि त्यांच्यात ही ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा खूपच कमी आहे. त्यावरून लंडनमध्ये सहाशेहून अधिक बाळांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये निष्कर्ष आले, आणि सल्ला बदलला. आपल्या घरातला बारीक शेंगदाण्याचा कूट खिचडीत थोडा मिसळून देता येतो. बाळाला आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही. दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे श्वासनलिकेत अडकतात.

हल्ली तरुण पालक विचारतात, की बाळाला चमच्याने भरवायचंच नाही, समोर तुकडे ठेवायचे, त्याचं त्याला खाऊ द्यायचं, हे चांगलं का? ब्रिटनमधल्या गिल रॅपली यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. बाळाने हाताने खावं हे मला मनापासून आवडतं. आपल्याकडे त्यासाठी वेगळं नाव नव्हतं इतकंच, ताटात हात घालून माखून घेणं म्हणतात त्याला. पण सात महिन्यांच्या बाळाच्या पोटात त्यातलं किती जातं हा प्रश्न उरतो, विशेषतः वजन कमी असेल तर. त्यामुळे मी दोन्ही करायला सांगते. एका हातात उकडलेल्या रताळ्याचं बोटाएवढं मऊ काप बाळाला द्या, आणि मधे मधे चमचाही चालू ठेवा. बसवूनच भरवा, आडवं पाडून, नाक दाबून कधीच नाही. खाताना उचकल्यासारखं केलं, खोकलं, चेहरा लाल झाला, तर घाबरू नका, ते घास पुढे आणायची धडपड करतंय. आवाजच बंद झाला तर मात्र घास अडकलाय. लगेच पालथं हातावर घेऊन, डोकं खाली करून, पाठीवर तळहाताने पाच थापट्या द्यायच्या. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, घास आणखी आत जातो. थापट्यांनी निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबायचं, आणि कुणाला तरी मदतीला धाडायचं. हे घरातल्या प्रत्येकाला एकदा बाहुलीवर करून दाखवा.

पाकिटातल्या आहाराला माझा सरसकट विरोध नाही. प्रवासात लागतो, काहींत लोह मिसळलेलं असतं. पण मागची बारीक अक्षरं वाचा, साखर आहे का बघा. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करायला बंदी आहे. तरीही "घरच्या अन्नाने पोट भरत नाही" ही समजूत घरोघरी पोचलेलीच आहे.

किती वेळा, किती? सहा ते आठ महिने दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मोठे चमचे इथून सुरू करून अर्ध्या पेल्यापर्यंत (पेला अडीचशे मिलीचा). नऊ महिन्यांपासून तीन-चारदा, मधे फळ वगैरे एक-दोनदा. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालूच. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही, वाटी-चमचा बरा. जुलाब झाले तर अन्न तोडू नका, थोडं थोडं देत राहा, आणि बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्तीची.

राहिल्या आमच्या आई. त्यांना "तुमचं चुकलं" असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी फक्त दोन चमचे त्यांच्यापुढे तिरके केले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी डाळच एवढीशी असायची गं, सगळ्यांना पुरवायला पाणीच वाढवायला लागायचं." दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पातेल्यातला तळाचा गाळ पोरीसाठी काढलेला, वर तुपाचा चमचा, आणि वरचं पाणी आम्हा मोठ्यांच्या आमटीत.